काम जाते, माणूस उरतो

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माहूरच्या गडावर रेणुकेच्या दर्शनाला निघालेल्या माणसाला वाटेत तांडे लागतात. किनवटकडून या नाहीतर पुसदकडून या, रस्त्याच्या कडेला पाटी असते, अमुक नाईक तांडा, तमुक तांडा. आपण पाटी वाचतो आणि पुढे जातो. तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती, एवढा अर्थ आपल्याला पुरतो. पण हा शब्द मुळात वस्तीचा नाही. तांडा म्हणजे माल लादलेल्या बैलांचा आणि त्यांच्याबरोबर चालणाऱ्या माणसांचा, बायकामुलांचा काफिला. चालणारा तांडा कधीतरी थांबला आणि थांबलेल्या जागेला चालण्याचेच नाव राहिले. 'लमाण' हा शब्दही तसाच. लवण म्हणजे मीठ, मीठ वाहणारा तो लमाण, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात.

मी कवितेतला माणूस, म्हणून माझे लक्ष आधी शब्दांकडे जाते. काम जाते, पण कामाचा शब्द मागे राहतो. माहूरच्या परिसरात असे पुष्कळ शब्द पडलेले आहेत. ते उचलून पाहिले तर आज ज्याची सगळीकडे चर्चा आहे, त्या रोजगाराच्या प्रश्नाचा एक जुना इतिहास हाती लागतो.

आज चर्चा अशी असते की जागतिकीकरणाने नोकऱ्या नेल्या, संगणकाने नेल्या, आता कृत्रिम बुद्धिमत्ता उरलेल्याही खाणार. ऐकणाऱ्याला वाटते, हे संकट आपल्याच पिढीवर पहिल्यांदा कोसळते आहे. माहूरच्या तांड्यांना विचारा. दूरदेशीच्या बाजाराने घरातले काम कसे काढून घेतले जाते, हे त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी भोगले आहे.

आधी ते काम केवढे होते ते पाहू. अकबराच्या काळी माहूर हे वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार होते, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्यासारखे. दक्षिणेत उतरणाऱ्या मोगली फौजांना धान्य लागे आणि ते पुरवीत बंजारे. शहाजहानचा वजीर आसफखान याच्या स्वारीबरोबर भंगी आणि जंगी या नायकांचे तांडे दक्षिणेत आले, अशी परंपरा बंजारा समाज सांगतो. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६३२ साली उत्तरेत चौदा हजार बैलांचा एक तांडा पाहिला आणि लिहून ठेवला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने दहा-बारा हजार बैलांच्या काफिल्यांचे वर्णन केले आहे. कुणी तांदूळ वाही, कुणी दुसरे धान्य, कुणी मीठ.

थोडा हिशेब करू. एका बैलाच्या पाठीवरची गोणी सव्वा क्विंटलची धरली तर दहा हजार बैलांवर साडेबारा हजार क्विंटल माल होतो. म्हणजे साडेबाराशे टन. एवढा माल डोंगर, जंगल, नद्या ओलांडून शेकडो कोस जायचा आणि वाटेत बैल चरतच चालायचे, म्हणून वाहतुकीचा खर्चही कमी पडायचा. या कामाला बंजारे लदणी म्हणत. कोणत्या महिन्यात कोणत्या घाटात पाणी मिळेल, गवत कुठे असेल, कोणत्या बाजारात कोणता भाव निघेल, बैलाचे खूर दुखायला लागले तर काय करायचे, हे सारे त्यात आले. तांड्याचा नायक हा पुढारी, व्यापारी आणि न्यायाधीश असे सगळेच असे. दोन राजांचे युद्ध सुरू असले तरी दोन्हीकडच्या फौजांना धान्य हवेच असायचे, त्यामुळे बंजाऱ्यांच्या वाटेला सहसा कुणी जात नसे. १८०३ साली दख्खनच्या मोहिमेत जनरल वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याच्या सैन्याचे पोटही बंजाऱ्यांच्या बैलांवरच चालले होते.

हे काम बंद कुणी पाडले? बंजाऱ्यांशी कुणाचे वैर नव्हते. प्रश्न कापसाचा होता. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. पैनगंगेच्या उत्तरेला इंग्रजी कारभार आला, दक्षिणेला माहूर निजामाकडे राहिले. वऱ्हाडचा कापूस तोवर बैलांच्या पाठीवरून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत, सुमारे आठशे किलोमीटर, जात असे. वाटेत धुळीने आणि पावसाने तो खराब होई. लँकेशायरच्या गिरण्यांना हे परवडणारे नव्हते, पण त्यांना तोपर्यंत अमेरिकेचा कापूस मिळत होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेची नजर वऱ्हाडावर खिळली. मुंबईत कापसाच्या भावाने असा काही भडका घेतला की शेअर-सट्ट्याने शहर वेडे झाले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. पण लोहमार्गाचे काम थांबले नाही. १८६७ साली भुसावळ-बडनेऱ्यावरून आगगाडी नागपूरला पोहोचली. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला. १८७० साली खामगावच्या लोहमार्गाचे उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. खामगावच्या बाजारातून आता थेट लिव्हरपूलशी तारेने बोलणे होऊ लागले.

या सगळ्यात तांड्याला कुणी काही विचारले नाही, कुणी काही सांगितलेही नाही. लदणीचा माल कमी होत गेला, इतकेच. आधी कापूस गेला, मग धान्य, मग ज्याच्यावरून नाव पडले ते मीठही आगगाडीत चढले. एका पिढीच्या आयुष्यात शेकडो वर्षांचा धंदा संपला. बैल विकले गेले. जिथे चारा आणि पाणी होते तिथे, माहूर-किनवटच्या आणि पुसदच्या जंगलकडेला, तांडे थांबले. लाकूड तोडणे, गुरे राखणे, दुसऱ्याच्या शेतात राबणे आणि जमेल तसा माळ फोडून शेती करणे, हे नवे काम झाले.

इथपर्यंतची गोष्ट तंत्रज्ञानाची आहे आणि तिच्याविषयी रडण्यात अर्थ नाही. आगगाडी आली हे वाईट झाले असे कोण म्हणेल? पण गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. फिरतो आणि ठरावीक धंदा नाही, तो संशयित, असा त्याचा रोख होता. पुढे हा कायदा पसरत गेला आणि ठिकठिकाणी बंजाऱ्यांवरही तो शिक्का बसला. ज्यांच्या बैलांवर फौजा जगल्या, त्यांच्या नातवंडांना पोलिसात हजेरी द्यायची पाळी आली. आधी काम काढून घेतले आणि मग रिकामा का फिरतोस म्हणून गुन्हेगार ठरवले. हा शिक्का पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. कागदावरचा शिक्का त्या दिवशी गेला. लोकांच्या मनातला किती गेला, हे तांड्यावरच्या माणसांना विचारावे.

बंजाऱ्यांचे काम मोठे होते म्हणून त्याची नोंद झाली. लहान हुन्नरांची कुणी घेतली नाही. आमच्या मुसलमान मोहल्ल्यांतले पिंजारी घ्या. पिंजण खांद्याला लावून दारोदार जायचे, तातेचा तुणतुण आवाज करीत कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या. गावोगाव जिनिंगचे कारखाने निघाले तसे त्यांचे निम्मे काम गेले. पिंजणाची यंत्रे आणि फोमच्या गाद्या आल्या तेव्हा उरलेलेही गेले. पिंजारी, नद्दाफ ही आडनावे मात्र शाळेच्या हजेरीपटावर कायम आहेत. मणियारांचे तसे नाही. रेणुकेच्या ओटीला हिरव्या बांगड्या लागतात आणि बांगडी हातात भरायला माणूसच लागतो. काच फिरोझाबादहून येवो, मनगट ओळखणारी बोटे इथलीच असतात. तांबूलही तसाच. गडावर देवीला विड्याचा तांबूल लागतो, पाने कुटायची ती तिथेच. जे काम जागेला, हाताला आणि श्रद्धेला बांधलेले असते ते बाजाराच्या लाटेत उशिरा वाहून जाते. पण अशा कामावर सगळ्या तालुक्याचे पोट भरत नाही, हेही खरे.

मोठ्या संख्येने पोट भरले ते नांदेडच्या गिरणीने. निजामी अमलात इथे उस्मानशाही मिल उभी राहिली. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातून हैदराबाद-मनमाड लोहमार्ग आला होता आणि नांदेडच्या गावरान कापसाला नाव होते. ज्या आगगाडीने तांड्याचे काम नेले, तिनेच गिरणीचे काम आणून दिले. भोंगा, पाळी, खाते, बदली कामगार असे नवे शब्द मराठवाड्याच्या बोलीत शिरले. भोंग्यावर शहराचे घड्याळ चाले. स्वातंत्र्यानंतर आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यात ही गिरणीही सरकारी महामंडळाकडे गेली. जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा, कृत्रिम धागा आणि नव्या गुंतवणुकीचा दुष्काळ यांनी देशभरच्या गिरण्यांचे जे केले, तेच इथे झाले. मुंबईत १९८२ च्या संपाने अडीच लाख कामगारांचा प्रश्न निदान वर्तमानपत्रांत आला. नांदेडचा भोंगा बंद झाला तेव्हा त्याची चर्चा गावाबाहेर फारशी गेली नाही.

आता याच मातीतली दुसरी, उलट्या बाजूची गोष्ट सांगतो. पैनगंगेपलीकडे पुसद तालुक्यात गहुली नावाचे गाव आहे. तिथल्या बंजारा कुटुंबात १९१३ साली वसंतराव नाईक जन्मले आणि १९६३ च्या डिसेंबरपासून सव्वाअकरा वर्षे ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्याच काळात १९७२ चा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, शेतात काम उरले नाही. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे पन्नास लाख माणसे सरकारी दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे, पाझर तलाव, नाला बांध, रस्ते अशी ती कामे. त्या वेळी मुले असलेल्या आमच्या पिढीला सुकडीची चव आठवते.

पण या काळाची खरी कमाई निराळी आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यात आधीपासून एक विचार होता. जो काम मागेल त्याला काम देणे ही सरकारची जबाबदारी असावी, असा तो विचार. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात १९६५ साली त्याचा लहानसा प्रयोगही झाला होता. १९७२ मध्ये ही रोजगार हमी योजना राज्यभर नेली गेली. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. २००५ साली केंद्राने देशासाठी रोजगाराचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचाच अनुभव समोर होता.

या योजनेत भानगडी झाल्या, खोटी हजेरीपटे निघाली, मजुरी महिनोन्महिने थकली, हे मी विसरलेलो नाही. तरीही मला एका शब्दाचे मोल फार वाटते. तो शब्द म्हणजे 'हमी'. त्याआधी दुष्काळात सरकार 'मदत' करायचे. मदत देणाऱ्याच्या मर्जीवर असते, हमी मागणाऱ्याच्या हक्काची असते. १८७१ साली कायद्याने बेकार माणसाला संशयित म्हटले होते. शंभर वर्षांनी, तांड्यातून आलेला माणूस मुख्यमंत्री असताना, त्याच बेकार माणसाला हक्कदार म्हणण्याची सुरुवात झाली. काम दोन्ही वेळा गेलेलेच होते. समाजाने त्या माणसाला दिलेले नाव वेगळे होते आणि त्या नावाने फार फरक पडला.

आता आजच्याकडे येऊ. १९९१ साली देशाने आर्थिक धोरण बदलले, १९९५ साली जागतिक व्यापार संघटना आली. २००५ च्या १ जानेवारीला कापडाच्या व्यापारावरची जुनी कोटा पद्धत जगभर संपली. कापसाचा भाव पुन्हा एकदा दूरच्या बाजाराकडे पाहू लागला. अमेरिकेतला शेतकरी सरकारी अनुदान घेऊन कापूस विकतो आणि माहूरचा शेतकरी महागडे पाकीटबंद बियाणे घेऊन त्याच बाजारात उभा राहतो. २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यात पैनगंगेपलीकडचे यवतमाळ होते. अलीकडचे माहूर मराठवाड्यात, म्हणून बाहेर. नदी तीच, माती तीच, कापूस तोच. तेव्हापासून 'पॅकेज' हा शब्द आमच्याकडे दोन अर्थांनी चालतो. पुण्याला इंजिनिअर झालेल्या मुलाला किती मिळते ते एक पॅकेज आणि कर्जात बुडालेल्या त्याच्या बापाला सरकार काय देते ते दुसरे.

कापूस पुरत नाही तेव्हा दिवाळीच्या सुमाराला बिऱ्हाडे बाहेर पडतात. ऊसतोडीला नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसांना हत्याराच्या नावाने मोजायचे, हा त्या बाजाराचा रिवाज. मुकादम आगाऊ पैसे देतो ती 'उचल'. उचल फिटेपर्यंत सुटका नाही. आता त्या फडातही ऊस तोडणारी यंत्रे उतरली आहेत. कोयत्याचे काम सुटावे असे आपण सगळेच म्हणतो. पण कोयता हातातून सुटल्यावर त्या हातात काय द्यायचे, हे ठरवल्याशिवाय ते सुटले तर लदणीचीच पुनरावृत्ती होईल.

आणि लदणी तरी कुठे संपली आहे? पुण्यात, हैदराबादेत पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन मोटरसायकलवर धावणारी मुले पाहा. त्यांत मराठवाड्याच्या तांड्यांतली, मोहल्ल्यांतली, वाड्या-वस्त्यांतली मुले असतात. कुणी बारावी, कुणी बी.ए. माझ्यासारखेच. माल इथून उचलून तिथे पोचवायचा, हे काम त्यांच्या खापरपणज्याचेच. फरक आहे तो असा. पणज्याचे बैल स्वतःचे होते, मालाचा भाव त्याला कळत होता आणि सौदा करायला नायक होता. या मुलाची गाडी हप्त्यावरची असली तरी त्याचीच, पेट्रोलही त्याचेच, पण फेरीचा दर मोबाइलमधले यंत्र ठरवते आणि तो का बदलला हे विचारायला समोर माणूस नसतो. कंपनी त्याला कामगार म्हणत नाही, भागीदार म्हणते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत केंद्राने अशा कामाची व्याख्या पहिल्यांदा केली. ही सुरुवात चांगली आहे. पण हमी या शब्दापर्यंत आपण अजून पोचलेलो नाही.

तरुण मुले मला विचारतात की सर, कोणते शिक्षण घेतले म्हणजे नोकरी जाणार नाही? असे शिक्षण मला माहीत नाही. जुन्या अनुभवातून दोन गोष्टी मात्र सांगता येतात. ज्या बंजारा कुटुंबांच्या हाती थोडी जमीन आली आणि ज्यांची मुले शाळेपर्यंत पोचली, ती सावरली. म्हणजे काम बदलण्याच्या काळात पायाखाली काहीतरी टेकू लागतो, नुसती हुशारी पुरत नाही. दुसरे असे की काम गेले म्हणून स्वतःला नालायक समजू नका. खामगावला तार आली त्या दिवशी माहूरच्या नायकाचे शहाणपण कमी झाले नव्हते.

बाकीचे सांगणे नोकरी असलेल्यांना आहे. तुमच्या पगारपत्रकावर व्यवसाय कराची एक ओळ असते, बहुतेकांचे महिन्याला दोनशे रुपये कापले जातात. हा कर महाराष्ट्राने १९७५ साली रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला सुरू केला. शहरातल्या पगारदाराने गावातल्या बेकाराच्या कामासाठी द्यायचा वाटा, असा त्याचा मूळ अर्थ होता. पुढच्या वेळी ती ओळ दिसली की कुरकुर करण्याआधी थोडे थांबा. उद्या यंत्राने तुमच्या खुर्चीवरचे काम नेले तर तुमच्यासाठीही कुणीतरी अशी एक ओळ लिहायला तयार असावे लागेल.